परकी डिस्क आणि आमचा विलास

विलास गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या कानाला फोन होता आणि फोनमध्ये कंपनीच्या मदत केंद्राचं तेच ते संगीत वाजत होतं. रविवारी तो मुरूमला घरी गेला होता. सोमवारी यायला उशीर होईल, तोवर तुम्ही लाइन लावून ठेवा, असं मला सांगून गेला होता. सिस्टर आत आल्या आणि म्हणाल्या, विलासभाऊंना पहाटे अटॅक आला, घरीच गेले. ... तरी मी फोन कानाचा काढला नाही. ठेवला तर पुन्हा रांगेत शेवटी जावं लागेल, एवढंच डोक्यात आलं. त्या लोकांनी आम्हाला इतकं वळण लावलं होतं.

धाराशिवच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी एक्स-रे विभाग सांभाळते. विलास तिथले संगणक सांभाळायचा. इंजिनिअर होता, हुशार होता आणि ते सगळ्यांना ऐकवायचाही. परंड्यापासून उमरग्यापर्यंतच्या पेशंटांची जुनी स्कॅन आमच्याकडं एका स्टोरेजमध्ये असतात. त्याला आम्ही पेटीच म्हणतो. आत डिस्कांची रांग. एक डिस्क गेली तर बाकीच्या मिळून तिचा भार उचलतात, पण ती बदलायच्या आत दुसरी गेली की सगळंच जातं. मागच्या वर्षीचा डाग वाढला की कमी झाला, हे जुनं चित्र नसेल तर डॉक्टर तरी कशावरून सांगणार? एका सकाळी त्या पेटीत एक पिवळा दिवा लागला आणि आमच्या मागं साडेसाती लागली.

नवी डिस्क कंपनी फुकट देणार होती, करारच तसा होता. पण करारावर गावाचं नाव उस्मानाबाद आणि आमच्या पत्त्यात धाराशिव. दोन्ही एकच गाव आहे हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं, त्यांच्या संगणकाला कळेना. डिस्क पुण्याहून निघाली आणि आम्हाला न भेटताच परत गेली. विलासनं फोनवर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला तेव्हा कुठं ती आली. घातली, तर दिवा क्षणभर हिरवा झाला आणि पुन्हा पिवळा. पडद्यावर आलं की ही डिस्क परकी आहे. पेटी तिला घरात घ्यायलाच तयार नव्हती.

पुढचे दिवस आठवले तरी डोकं उठतं. दर वेळी फोनवर नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. काढून पुन्हा घाला, म्हणायचे. मग म्हणाले, पेटी बंद करून चालू करा. आमचे मोठे डॉक्टरही म्हणाले, करून टाक एकदा. विलास अडून बसला. बाकीच्या डिस्काही त्याच वयाच्या आहेत, त्यातली एखादी बंद झाल्यावर उठलीच नाही तर काय, हा त्याचा मुद्दा. मी चिडून म्हटलं, सगळं जग एकीकडं आणि तू एकीकडं. तर म्हणाला, "ताई, पेशंट तुमच्याकडं येत्यात, कंपनीकडं न्हाय. अदुगर नक्कल काढतो, मग काय बंद करायचं ते करा."

नक्कल काढायला रिकाम्या डिस्का कुठून आणायच्या? हा पठ्ठ्या गावातल्या फोटो स्टुडिओत फिरला. लग्नसराई संपली होती आणि व्हिडिओ शूटिंगवाल्यांकडं मोठमोठ्या डिस्का पडून होत्या. पिशवी भरून घेऊन आला. एकेकीवर स्टुडिओचं नाव आणि खाली "शुभविवाह". त्यांच्यावर आमच्या पेशंटांची फुप्फुसं आणि मणके उतरवत बसायचा, छाती चोळत. ॲसिडिटी आहे म्हणायचा, खिशातून ओव्याची पुडी काढायचा. ईसीजीची खोली दोन दारं सोडून होती हो! मी रागावले की म्हणायचा, पेटी उठली की काढू. मला त्याचा राग येतो. अजून येतो, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नाही.

नक्कल अर्ध्यावर असताना तो गेला. दिवसकार्य झाल्यावर मी पुन्हा फोन लावला. पलीकडून सांगितलं, नोंदणी विलास यांच्या नावावर आहे, त्यांना फोन द्या. मी म्हटलं, ते वारले. वाईट वाटलं म्हणाले, आणि मग म्हणाले, तसं त्यांच्या मेलवरून कळवा. माझा तोल गेला. वारलेल्या माणसानं मेल कुठून करायचा, तेही सांगा म्हटलं. शेवटी एक मार्ग निघाला. त्याच्या मोबाइलवर ओटीपी जाईल, तो सांगितला तर त्यांचा इंजिनिअर तिकडून पेटी उघडून बघेल.

मोबाइल मुरूमला, विलासच्या बायकोकडं. सुनंदानं फोनवरून एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. इंजिनिअरनं पाहिलं तर ती डिस्क आधी दुसऱ्या कुठल्या तरी पेटीत वापरलेली, तिथली खूण तिच्यावर तशीच राहिलेली. वापरलेली डिस्क नवी म्हणून आमच्या गळ्यात मारली होती. त्यानं खूण पुसली. चहा गार व्हायच्या आत दिवा हिरवा लुकलुकू लागला. एवढंसं काम! मला आनंद झालाच नाही, नुसतं रडू आलं.

दुसऱ्या दिवशी केंद्रातून फोन आला की नोंदणी आता तुमच्या नावावर करून घेऊ, फक्त शेवटचा एक ओटीपी द्या. मी सुनंदाला फोन केला.

"ताई, नाव बदलायलाच पायजे का?" ती म्हणाली. "रोज सकाळी पेटीचा मेसेज येतो त्यांच्या नावानं. आजवर बिघाड, बिघाड असंच यायचं. आज आलं, विलास, सगळं ठीक आहे. ... दुसरं कुणीच आता त्यांना काय कळवत न्हाय. म्या फोन चार्ज करून ठेवते की. तुमाला लागंल तवा आकडे सांगत जाईन."

केंद्रातला मुलगा दुसऱ्या लाइनवर थांबला होता. नवीन नाव काय टाकू, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, आहे तेच राहू द्या.