गाडी येऊन राह्यली

ब्रह्मपुरीच्या मोटार कंपनीकडे गाडी एकच होती, पण मॅनेजर दहा कंपन्यांना पुरेल असा. गाडी पंक्चर असो की नाल्यात रुतलेली असो, हा माणूस हसतमुखानं एकच सांगायचा, “येऊन राह्यली!” आणि त्याला खोटं तरी कसं म्हणावं? कधी ना कधी ती यायचीच.

माझ्या लग्नाचं वऱ्हाड या गाडीनं न्यायचं ठरलं, तेव्हा मला धास्तीच वाटली. कारण मामा. त्याची मुलगी सोडून मी दुसरीकडे लग्न जमवलं, म्हणून तो धुमसत होता. “वाटेत एकबी अपशकुन झाला, तं वऱ्हाड वापस,” असं त्यानं बजावलं होतं, आणि ते अख्ख्या गावाला माहीत होतं. आईला भावाचा शब्द म्हणजे वेदवाक्य. मी मात्र ठरलेल्या मुलीवर जीव जडवून बसलो होतो.

लग्नाच्या सकाळी मोटार अड्ड्यावर गाडी नव्हती. चार बंड्या बैल जुंपून उभ्या होत्या.

“गाडी नाल्यावर भेटंन जी. तिथवर बंडीनं चला,” म्हणत मॅनेजर स्वतःच पुढच्या बंडीत चढला.

नाल्यावर गाडी नव्हती, पण चहा होता. “ड्रायव्हर गाडी घेऊन तलावाच्या पाळीकडे पाणी भराले गेला,” मॅनेजर म्हणाला. तलावाच्या बांधावरही गाडी नव्हती. तिथे चिवडा होता आणि ताजे बैल.

मामा गुरगुरला, “काऊन हो, गाडी कुठी मेली?”

“येऊन राह्यली, भाऊ! तुम्ही नाश्ता तं करा.”

तोंड भरलेलं असताना अपशकुन काढता येत नाही, हे मॅनेजरला पक्कं ठाऊक असावं.

असं करत करत मुहूर्ताआधी आम्ही मांडवात पोचलो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, “मोटर कुठी आहे?”

आता मामाच्या इज्जतीचा प्रश्न. त्यानं मिशीवरची धूळ झटकली. “मांगून येऊन राह्यली!”

हसू दाबताना माझ्या मुंडावळ्या हलल्या.

जेवणं उरकल्यावर मी मॅनेजरला बाजूला घेतलं. “खरं सांगा, गाडी बिघडली ना?”

“बिघडली नाई जी. मालकानं काल विकली. कंपनी बंद झाली. सकाळी सांगतलं असतं, तं तुमच्या मामानं वऱ्हाड घरी नेलं असतं.”

कालच याची नोकरी गेली होती, आणि आज दिवसभर हा माझ्या वऱ्हाडाला चिवडा वाढत होता. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

“मग आता तुमचं कसं?”

टोपी नीट करत तो हसला.

“माझीबी येऊन राह्यली जी.”