आईचे समोरचे दात

डोळ्यांवर दिवा, भोवती अनोळखी पोरापोरींचा घोळका आणि तुम्ही तोंड उघडून आडवे. त्या तोंडात बघून कुणी हसलं, तर तुम्ही काय कराल?

माझी आई तशी पडली होती. नागपुरात, आमच्या दातांच्या कॉलेजात. सत्तरचं दशक सरत आलं होतं. घोळक्यात पांढरा कोट घालून मीही उभी होते.

सरांनी आरशाने तिचा वरचा ओठ उचलला. समोरच्या दातांना खाच होती.

"बघा ही करवत. राखुंडी आणि अडाणीपणा. पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई."

सगळे हसले. मी बोलायला गेले. सरांनी हात वर केला. "नंतर."

आरसा निघाल्यावर आईने मान वळवून मला शोधलं. "काहून हसून राहिले वं हे?"

ती खाच राखुंडीची नव्हती. आई नागपूरजवळच्या खाप्याची, विणकरांच्या गावची, हातमागावर बसणारी. धागा तुटला की गाठ मारायची आणि उरलेलं टोक दातांनी कापायचं. हात मोकळे राहतात, माग थांबत नाही. आमच्या आळीतल्या प्रत्येक बाईच्या दाताला ती खाच असायची. बाबा विणकरांच्या मोर्च्यातून पत्रकं आणायचे, त्यांवर मी अक्षरं शिकले. पण मला इथवर आणलं ते त्या दातांनी.

दुपारी सरांनी मला खोलीत बोलावलं. हेच सर गरिबांच्या आरोग्यावर भाषणं द्यायचे, मला स्वतःची पुस्तकं वाचायला द्यायचे. सगळ्यांसमोर मला 'आमची खाप्याची लेक' म्हणायचे. मला ते खरं वाटायचं.

"मनावर घेऊ नकोस, शिकवताना बोलावं लागतं," ते म्हणाले. "आईच्या दाढा गेल्यात, तिथे आपण दात बसवू. समोरचे पक्के आहेत. त्यांना हात लावायचा नाही."

मी त्यांच्या पाया पडले.

आता आमच्या कॉलेजातली रीत सांगते. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला प्रत्येकाने आपला पेशंट आपणच आणायचा. पूर्ण कवळीसाठी तोंडात एकही दात नसलेलं माणूस लागतं. बड्या घरच्या पोरांना असं माणूस मिळत नसे. त्यांच्या आज्या-मावश्या शिकाऊ पोरांच्या खुर्चीत कशाला बसतील? मग शोध सुरू व्हायचा तो आमच्या वस्त्यांत, आमच्या गावांत.

माझ्या वर्गात धरमपेठेतल्या एका मोठ्या डॉक्टरांचा मुलगा होता. परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आली तरी त्याला पेशंट नव्हता.

आईला पुन्हा बोलावलं, त्या दिवशी सरांनी मला लहान मुलांच्या विभागात पाठवलं. परतले तेव्हा आई बाकावर बसली होती. तोंडात कापसाचे बोळे, हनुवटीवर रक्ताची रेघ. खुर्चीजवळच्या ट्रेमध्ये तिचे समोरचे दात. खाच असलेले. एकालाही कीड नाही.

मी सरांकडे धावले.

"पूर्ण कवळी म्हणजे पूर्ण कवळी," ते म्हणाले. "अर्ध्या तोंडावर त्या मुलाची परीक्षा कशी होणार? आणि परत देतोच आहोत ना आपण दात? पांढरेशुभ्र, फुकट."

खाप्याच्या बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर तिने बोळे काढले.

"तूच सांगतलं म्हने न वं, सगळे काढा म्हून?"

"कोण म्हणे?"

"तुहे सर. 'पोरीनंच सांगतलं' म्हने. म्हून तर म्या तोंड उघडलं."

सरांनी नुसते दात काढले नव्हते. माझं नाव पुढे करून काढले होते.

मी तिला सगळं सांगितलं. जखम भरल्यावर ती मागावर बसली. धागा तुटला. गाठ मारली आणि सवयीने टोक तोंडात घातलं. धागा हिरड्यांवरून घसरला, ओला होऊन. पुन्हा घातला. पुन्हा घसरला. मग तिने माग थांबवला.

"परीक्षा कवा हाये त्या पोट्ट्याची?"

"तू नको जाऊ."

"जातो न वं. काहून नाई?"

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. आधी कवळीची मापं देऊन आलेली आई त्या मुलाच्या खुर्चीत बसली. पलीकडच्या खुर्चीत माझा पेशंट होता.

"बाई, तोंड उघडा," परीक्षक म्हणाले.

आईने ओठ घट्ट मिटले.

"घाबरली आहे. खेड्यातली आहे," सर हसून म्हणाले.

तेव्हा आई बोलली. "आंधी यायले पुसा, माहे चांगले दात काहून काढले."

त्या मुलाच्या हातातली कवळी तशीच राहिली. मी माझा पेशंट सोडून पुढे गेले. म्हटलं, "ही माझी आई. हिचे समोरचे दात निरोगी होते. या परीक्षेसाठी काढले."

सर माझ्या कानाशी आले. "वर्ष घालवशील स्वतःचं."

"घालवते."

घालवलं. मी नापास झाले. तो पास झाला, दुसऱ्याच कुणाच्या तरी रिकाम्या तोंडावर. सर भाषणं देतच राहिले. आईने ती कवळी घेतली नाही. धागा ती कात्रीने कापू लागली. दर गाठीला माग थांबायचा.

मी पुन्हा परीक्षेला बसले. आज माझ्याही हातात दात काढायचा चिमटा आहे. खुर्चीतल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने होकार दिल्याशिवाय मी तो उचलत नाही. आणि कुणी मला पुन्हा 'आमची लेक' म्हटलं, तर मी आधी त्याच्या हातात काय आहे ते बघते.

तुमच्याकडे एकच मागते. तुम्ही किंवा तुमचं माणूस त्या खुर्चीत बसाल, तेव्हा तोंड उघडण्याआधी विचारा. कोणता दात? कशासाठी? 'तुमच्याच माणसाने सांगितलंय' असं उत्तर आलं, तर त्या माणसाला समोर बोलवा. तोवर तोंड मिटून ठेवा.