मोठं थ्रॉटल नको म्हणणारा मिस्त्री

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं, तेव्हाची गोष्ट. केशकाल घाटात आमची जुनी कार बंद पडली आणि बाबांना जगदलपूरच्या आत्याला न भेटताच परतावं लागलं. मी हट्टाला पेटलो. गाडीची ताकद वाढावी म्हणून इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी मोठी बसवायची, पंप आणि इंजेक्टरही नवे घालायचे, असं ठरवून रायपूरमधल्याच भनपुरीच्या एका मिस्त्रीकडे गेलो.

साठीचा, बारीक अंगाचा माणूस. बॉनेटला हात लावण्याआधी त्यानं हात कोपरापर्यंत पुसले. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला. शेवटी पेट्रोलचा फिल्टर काढून माझ्या हातात दिला.

"फुंका, भाऊ."

मी गाल दुखेपर्यंत फुंकलं. हवा पार जाईना.

"हिचा घास गळ्यात अटकून राहिला, अन् तुम्ही हिचं तोंड मोठं करून राहिले. काहून?"

त्यानं नवा फिल्टर बसवला आणि काजळीनं भरलेलं जुनंच थ्रॉटल बाळाचे कान पुसावेत तसं हलक्या हातानं पुसलं. चालून आलेलं मोठं काम नको म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. नाव विचारायचं मात्र राहून गेलं.

पुढच्या रविवारी गाडी कुठंही न अडखळता घाट चढली. बाबा मागे पडत जाणारे ट्रक मोजत होते. दुपारी आत्याच्या दारात त्यांनी स्वतः हात लांबवून हॉर्न दाबला आणि ती बाहेर येईपर्यंत सोडलाच नाही.