माटवीची कवंडाळं आणि माझी टोपी

चतुर्थीच्या आधीच्या रविवारी धामापूरला मामाकडे गेले होते. निमित्त मामा-मामीला भेटायचं, पण डोक्यात होती टोपी.

आमच्या मालवणातल्या बायकांच्या ग्रुपने स्पर्धा ठेवली होती... निसर्गातल्या वस्तू वापरून हाताने सजवलेली टोपी करायची. मला 'स्पर्धा' हा शब्द ऐकला तरी चेव येतो, हे ओळखणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

डिझाईन पक्कं होतं. धामापूरच्या तळ्याकाठचं रान डोक्यावर आणायचं. माडाच्या चुडताची पाती विणून टोपी केली, काठाला नेचे खोचले, मधे शेरवडाची पांढरी पानं बसवली. तरी काहीतरी कमी होतं... आई म्हणाली, मेथीची जुडी डोक्यावर घेतल्यासारखी दिसतेस. राग आला, पण तिचं खरं होतं. टोपीला लाल रंग हवा होता.

आणि मामाच्या पडवीत, सुपात, कवंडाळं ठेवलेली. पिकून लालभडक, देठासकट, वेलीचा तुकडाही जपून राखलेला.

बाहेरगावच्या मित्रमंडळींसाठी सांगते. आमच्याकडे गणपतीच्या वर लाकडी माटवी टांगतात आणि तिला नारळ, सुपाऱ्या, रानातली फळंफुलं बांधतात. कवंडाळ हे त्यातलंच एक रानफळ... चवीला कडू, दिसायला देखणं. हल्ली हे सगळं बाजारात मिळतं. पण माटवीचं सामान आपल्या पायांनी रानात जाऊन आणायचं, विकत घ्यायचं नाही, हा मामाचा नेम.

मामाचे गुडघे गेलेत. तरी यंदा तो काठी टेकत डोंगरावर चढला होता, आणि आल्यापासून शेक घेत पडून होता. नेहमीच्या जागचे वेल गेले, वर एकच उरलाय, तिथवर हे गेले होते, असं मामी काळजीने सांगत होती.

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. 'कळलं नाही हो' म्हणायला जागाच नाही.

मामी चहा टाकायला आत गेली. मामाचा डोळा लागला होता. मी कवंडाळं पिशवीत घातली... मनात म्हटलं, रानातलीच तर आहेत, चतुर्थीला अवकाश आहे, मिळतील दुसरी. आणि मामाच्या घरातलं घ्यायला भाचीने विचारायचं कशाला? स्वतःची समजूत घालण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

घरी येऊन जाड सुईने ती ओवली, चकाकी यावी म्हणून वर वॉर्निश मारलं. टोपी अशी खुलली म्हणता! पहिला नंबर आला. फोटो टाकला, तुम्ही सगळ्यांनी बदाम दिले, मी दिवसभर मोजत बसले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मामीचा फोन आला. "गो, सुपातली कवंडाळां तू खंय बघलंस काय?"

मी 'नाय' म्हटलं. इतक्या सहज की माझंच मला आश्चर्य वाटलं.

फोन ठेवला आणि बाजारात धावले. माटवीचं सामान विकणाऱ्या बायकांकडे फिरले, पण कवंडाळं केव्हाच संपली होती. टोपीवरची काढून द्यावीत, तर ती भोकं पाडलेली, वॉर्निश फासलेली. देवाला कशी चालणार?

गणपतीत मामाकडे गेले तेव्हा भजन चालू होतं. माटवी भरगच्च होती, फक्त कवंडाळांचे कोपरे बोडके. भजन संपल्यावर उसळ खाताना त्यातल्या एकाने वर बघून विचारलंच, यंदा कवंडाळं कुठे?

मामा शांतपणे म्हणाला, "उंदरांनी पळवल्यानी."

"गणपतीचोच उंदीर तो, तेका काय बोलतलंस?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मामाही हसला. मामी तेवढी उठून आत गेली, माझ्याकडे न बघता. तेव्हा मला कळलं... दोघांनाही माहीत आहे.

मंडळी गेल्यावर पडवीत मामाजवळ बसले आणि कसंबसं सांगितलं, की ती मी नेली.

"म्हायत आसा. मामीच्या मोबाईलर फोटो बघलंय," मामा म्हणाला. "टोपी बरी झाली हा."

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो गुडघा चोळत म्हणाला, "माका इचारलंस असतंस तर अर्धी तुका काढून दिलंय असतंय गो."

बस, एवढंच. मला रडू आवरेना. भाचीने मागितलं तर हा माणूस देवाच्या वाटणीतलं काढून देणारा... आणि मी त्याच्या घरून चोरून नेलं, वर मामीशी खोटंही बोलले.

टोपीचा फोटो आज काढून टाकलाय. 'काही कारणाने काढला' असं लिहून मोकळी होणार होते. पण मामाने चार माणसांत एकदा माझ्यावर पांघरूण घातलंय... आता तुमच्यासमोर ते मीच पुन्हा ओढून घेतलं, तर त्याला तोंड कसं दाखवू?