पहिलं ताट बाबाचं

आमच्या बचत गटात मशरूम आलं आणि बोलायला दुसरा विषयच उरला नाही. धुणं वाळत घालता घालता एक गोष्ट निघते, तिला धरून दुसरी. सगळ्यांच्या मुळाशी एकच भानगड, काढलेलं मशरूम सेलूच्या बाजारापर्यंत ताजं ठेवायचं कसं. माझ्या जिवाला मात्र वेगळाच घोर. चार वर्षांच्या आरूला ते द्यायचं की नाही? शेतात आपोआप उगवणारं मशरूम, आमच्या सात्या, आम्ही लहानपणापासून खाल्ल्या, पण त्या उपटल्या की लगेच चुलीवर. हे फ्रीजमध्ये राहिलेलं पोरीच्या पोटात गेलं आणि काही झालं तर?

*

पहिला माल सुनंदाच्या घरी ठेवला. सुनंदा भारी स्वच्छतेची. तिने मशरूम नळाखाली धुतलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलं आणि गच्च गाठ मारली. दुसऱ्या दिवशी गाठ सोडली तर आत नुसता शेंबूड.

"मी तं साबण बी लावणार होती," सुनंदा म्हणाली, "पण म्हटलं वास राहीन."

*

मग मशरूम लावायला शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं, धुवायचं नाही, कोरडंच कागदात गुंडाळून ठेवायचं. रद्दी आमच्या घरी, म्हणून माल आमच्या फ्रीजमध्ये आला. सकाळी बघते तर सगळ्या पुड्या सुटलेल्या, मशरूम उघडं पडून वातड झालेलं, आणि सासरे खुर्चीत बसून कागद सरळ करून राह्यले.

"बाबा, हे काय केलं?"

"कापसाची बातमी अर्धी या पुडीत हाये. बाकीची कोणत्या पुडीत टाकली तू?"

*

म्हणून फ्रीज बदलला. गटातल्या लताकाकूंचा फ्रीज मोठा, पण काकू शनिवार पाळतात. मशरूम म्हणजे मटणच, हे त्यांच्या डोक्यात पक्कं.

"काकू, भाजी आहे ही," मी म्हटलं.

"मंग मसाला मटणाचा काऊन टाकता?"

तेव्हापासून शनिवारपुरतं मशरूम माहेरपणाला आमच्या फ्रीजमध्ये येतं, सासऱ्यांचे वाचून झालेले कागद पांघरून.

*

माझं वास घेणं चालूच. फ्रीज उघडला की पुडीत नाक. चिकट लागतं का, बोट लावून बघते. तरी मन मानत नाही. शिजवलं की पहिलं ताट ह्यांचं. मला नाही, आरूलाही नाही.

हे गटातल्या बायांसमोर छाती काढून सांगतात, "बायको असावी तं अशी. मले खाऊ घातल्याबिगर पोरीले बी देत नाई."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

*

मागच्या बाजारात पुड्या मांडून बसलो होतो. तराजू ह्यांच्या हातात, मालाची पिशवी लताकाकूंजवळ, आरू माझ्या मांडीवर. शाळेतल्या एक बाई आल्या. पुडी उचलून म्हणाल्या, "आजचं आहे का?"

"कालचं आहे, पण कागदात ठेवलेलं. एकदम चांगलं," मी म्हटलं.

बाईंनी पुडी खाली ठेवली आणि आरूला विचारलं, "तू खाते का गं हे?"

लताकाकूंचा हात पिशवीवर तसाच थांबला.

"खाते ना," आरू म्हणाली. "पहिले आई बाबाले देते. बाबा सकायी चांगला उठला का मंग मले."

ह्यांच्या हातातला तराजू एकीकडे कलला.

बाईंनी ह्यांना डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं. मग आपली पिशवी उघडली.

"द्या दोन पुड्या."