हसलं तरच दिसणारी कडी

मिक्सर-पंख्यांच्या दुकानात तक्रारीच्या काउंटरवर बाई अकरा वर्षं बसत होत्या. गिऱ्हाईक जळका मिक्सर पुढ्यात आदळायचं, बाईंच्या आईबापांचा उद्धार करायचं, आणि त्याच्या पाठीमागे काचेच्या केबिनमधून साहेब दोन बोटांनी स्वतःचे ओठ ताणून दाखवायचे. म्हणजे, हसा! आई गेल्यावर बाई पहिल्यांदा कामावर आल्या, त्या दिवशीसुद्धा त्या मेल्याने ओठ ताणून दाखवले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पन्नाशीपर्यंत कान सोडले तर काही टोचून घेतलं नव्हतं, पण रविवारी त्या तडक टोचणाऱ्या मुलीकडे गेल्या. वरचा ओठ उलटून त्याला हिरडीशी जोडणारी आतली पातळ पट्टी दाखवली. "इथे कडी घाल."

"मावशी, तिथली कडी कुणाला दिसणार नाही हो. हसलात तरच दिसेल."

"म्हणून तर आलेय. टोच!"

सुई आरपार गेली तेव्हा डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण बाईंनी उलटलेला ओठ सोडला नाही.

सोमवारी एका गृहस्थाने पंखा आदळून तोंडाचा पट्टा सोडला. साहेबांनी केबिनमधून ओठ ताणले. बाई हसल्या, पार हिरड्या दिसेपर्यंत. सुजलेल्या ओठाखाली कडी चमकली. गृहस्थ शिव्या विसरून दोन पावलं मागे सरले.

साहेब धावत आले. "हे काय सोंग? तोंड मिटा आधी!"

बाईंनी तोंड मिटलं. उठून स्वतःची खुर्ची त्यांच्यापुढे ढकलली.

"बसा. आता तुम्ही हसा."