खैरनारांची पोस्टकार्डं

खैरनार गेल्याचं मला पाच दिवसांनी कळलं. त्यांच्या मुलीनं फोन केला आणि बातमी सांगून झाल्यावर म्हणाली, "बाबांनी बजावलं होतं, मॅडमना लगेच कळवू नका, त्या कामात असतात." मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. निरोप समारंभाचं माझं भाषण खैरनारांनीच लिहून दिलं होतं. तरी त्यांच्या लेखी मी कामातच होते.

नाशिकच्या ज्या रुग्णालयात मी पॅथॉलॉजिस्ट होते, तिथं शवविच्छेदनाची रेकॉर्ड रूम त्यांच्याकडे होती. लांबट खोली, एका भिंतीला रजिस्टरं, दुसऱ्या भिंतीला बरण्या. मृत्यूचं कारण लगेच सापडलं नाही तर हृदय, यकृत असं काही तपासणीसाठी फॉर्मॅलिनमध्ये राखून ठेवत. अहवाल तयार झाला की तो पोलिसांकडे जाई. नातेवाइकांना हवा असेल तर त्यांनी पोलिसांकडे अर्ज करायचा, आम्ही परस्पर काही द्यायचं नाही, असा नियम. बरणी मात्र पोलिसांचं 'हरकत नाही' असं पत्र येईपर्यंत आमच्याकडेच. ही पत्रं सहसा येत नसत. मग काही वर्षांनी फळ्यांवर जागा उरली नाही की आम्हीच मागे लागून पत्रं मिळवायचो आणि नमुने नष्ट करायचो.

त्याआधी खैरनार प्रत्येक घरी एक पोस्टकार्ड टाकत. हे कुठल्याही नियमात नव्हतं. 'आपल्या माणसाचा तपासणीसाठी ठेवलेला भाग रुग्णालय लवकरच नष्ट करणार आहे. काही विचारायचे असल्यास यावे.' मी एकदा म्हटलं, "अहो, लोक विसरलेले असतात. कशाला खपली काढता?"

"विसरले असतील तर येणार नाहीत, मॅडम," ते म्हणाले.

फारसं कुणी येतही नसे. मला तो त्यांचा छंद वाटायचा, आणि तो चालू दिला यात मी माझा मोठेपणा मानायची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एके सकाळी मखमलाबादकडचे एक फूलशेतकरी ते कार्ड घेऊन आले. काशिनाथ त्यांचं नाव. सहा वर्षांपूर्वी त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी, सुनीता, शेवंती तोडता तोडता कोसळली होती. खैरनारांनी रजिस्टर काढलं आणि मला बोलावून घेतलं.

"तिचा भाग मला नको," काशिनाथ म्हणाले. "एवढंच सांगा बाई, तिनं कोणतं औषध खाल्लं?"

मला प्रश्नच कळेना. तो अहवाल माझा होता आणि चांगला आठवत होता. हृदयाचा स्नायू जन्मापासून जाड, क्वचित आढळणारा दोष. डॉक्टरांच्या एका सभेत मी त्याच्या स्लाइड दाखवून शाबासकीही घेतली होती.

"विष नव्हतंच," मी म्हटलं. "हृदयात जन्मापासून दोष होता. पोलिसांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"दोनदा गेलो. रिपोट आला नाय म्हणले. मग नाय गेलो. बरण्या भरून ठेवल्या ना, तवाच गाव म्हणलं, पोरीनं औषध घेतलं. लगीन मी ठरवलं व्हतं. तिच्या मनात नव्हतं. सहा वर्सं झाली, तिची आय माझ्याशी बोलत नाय."

मग टोपी हातात फिरवत त्यांनी विचारलं, "हे कागदावर मिळंल का? माझ्या तोंडचं घरात कोण खरं मानंल?"

नियमाप्रमाणे मिळणार नव्हतं. मी त्यांना अर्जाची पद्धत समजावून सांगितली. न चिडता सांगितली, एवढंच माझ्या बाजूनं म्हणता येईल. खैरनारांनी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि अर्ध्या तासात एक कागद माझ्यापुढे ठेवला. अहवालाचा सारांश, साध्या मराठीत, आठ ओळींत. खाली माझं नाव, हुद्दा आणि सहीसाठी सोडलेली जागा. शेवटची ओळ होती, 'यात कुणाचाही दोष नाही.' मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे वैद्यकीय मत नाही, खैरनार."

"बरं, ते खोडतो. बाकीच्याखाली सही करता?"

वरिष्ठांना विचारते, असं मी म्हटलं... आणि विचारलं नाही. दुपारी खिडकीतून पाहिलं तर काशिनाथ फाटकातून बाहेर पडत होते, घडी केलेला कागद टोपीत ठेवत. खैरनारांनी स्वतःच सही करून तो देऊन टाकला होता.

कागद गावात फिरला, फिरत फिरत पोलिसांकडे गेला आणि तिथून आमच्या अधीक्षकांच्या टेबलावर आला. त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. मजकूर बरोबर आहे का? मी म्हटलं, बरोबर आहे. तुम्ही परवानगी दिली होती का? मी म्हटलं, नाही. दोन्ही उत्तरं खरी होती. खैरनारांना मेमो मिळाला, बढती हुकली, पोस्टकार्डं बंद झाली. त्यांनी मला याबद्दल कधी एका शब्दानं विचारलं नाही. पुढे दर दसऱ्याला काशिनाथ रेकॉर्ड रूममध्ये शेवंतीची पाटी ठेवून जात. खैरनार त्यातली अर्धी फुलं माझ्या टेबलावर आणून ठेवत, आणि मी ती घरी नेत असे.

गेल्या आठवड्यात खैरनारांच्या घरी गेले. मुलीनं एक फाइल हातात दिली, "बाबांनी तुमच्यासाठी ठेवली होती." आत त्या कागदाची कार्बन प्रत होती. शेवटची ओळ त्यांनी खोडली नव्हती. कडेला त्यांची बारीक सही, आणि माझ्या नावावरची जागा कोरी. म्हणजे काशिनाथांच्या घरातल्या कागदावरही ती इतकी वर्षं कोरीच असणार. मला लाज वाटली. तेव्हाच वाटायला हवी होती, ती आता वाटली.

दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन एक पोस्टकार्ड आणलं. 'सुनीताच्या कागदावर माझी सही राहिली आहे. करायला केव्हा येऊ, ते कळवावे.' पत्ता शोधावा लागला नाही. खैरनारांनी तो फाइलच्या पाठीवर लिहून ठेवला होता.